गळका नळ आणि आमची पदवी

या वार्षिकासाठीं लेख मागावयास विद्यार्थी-संपादक आमच्याकडे आले, तेव्हां "सर, यंदा एखादा चांगला विषय घ्या" अशी सूचना त्यांनीं मोठ्या आदबीनें केली. चांगला विषय म्हणजे शील, वेळेचें मोल, वाचनाचे फायदे यांपैकीं एखादा, हें आम्हीं ओळखलें. या विषयांवर आम्हीं पूर्वीं लिहिलें आहे, आणि खरें सांगावयाचें तर त्यामुळें कोणाचीही, अगदीं आमची स्वतःची देखील, झोंप मोडली नाहीं. यंदा आम्ही स्वयंपाकघरांतील सांडपाण्याच्या नळाविषयीं लिहिणार आहों. विषय ओलसर आहे, त्याला थोडा वासही येतो. परंतु या नळानें आम्हांस तीन आठवडे स्वस्थ बसूं दिलें नाहीं, आणि जें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों तेंच आम्हांस कळलें नव्हतें, हें आमच्या पदरांत घातलें.

आमचें घर जुनें आहे. भांडीं घासण्याच्या सिंकपासून भिंतीपर्यंत जाणारा नळ आजच्या घरांतल्यासारखा प्लास्टिकचा नसून जस्त चढविलेल्या लोखंडाचा आहे. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं त्याच्या खालच्या अंगानें थेंब पडूं लागले. आम्हीं खालीं एक बादली ठेविली व प्रश्न सुटला असें समजून वर्तमानपत्र उघडलें. ती बादली रोज दोन वेळां कोण रिकामी करितें, हा विचार आमच्या मनाला शिवला नाहीं. आमच्या पत्नी ती करीत होत्या. घरांतील गळती घरांतील पुरुषांस उशिरां दिसते याचें कारण दृष्टिदोष नव्हे. लादी पुसण्याचें फडकें त्यांच्या हातीं नसतें, एवढेंच.

पुढें प्लंबरला निरोप धाडला. "उद्यां येतों" असें उत्तर आलें व तें उत्तर तीन आठवडे ताजेंच राहिलें. शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनीं वांकून पाहिलें व ते म्हणाले, "याला डाख लावावा लागेल. आणि आतां डाख लावणारे राहिले कोठें?" या उद्गारानें आम्हांस एक प्रकारचें समाधान वाटलें. जें काम करणारा कोणी उरलाच नाहीं तें आम्हीं न केल्याचा दोष आम्हांवर कसा येणार? तरी मनाची टोंचणी म्हणून एका रात्रीं आम्हीं एम-सील आणून, तिच्या दोन्ही वड्या मळून, थेंब जेथें पडत होता तेथें थापली. नळ ओला होता. पहांटे तिचा लाडू बादलींत पडल्याचा आवाज सर्व घरानें ऐकला.

अशा स्थितींत एका शनिवारीं आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तपासावयाच्या वह्या पोंचविण्यास आला. त्याचें नांव आम्ही देत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल. वह्या ठेवतां ठेवतां त्यानें बादली पाहिली, वर पाहिलें, आणि आंत वळून विचारलें, "काकू, एखादें कोरडें फडकें आहे का?" त्यानें सिंकमध्यें पाणी सोडणें थांबविलें, नळ सर्व बाजूंनीं पुसून कोरडा केला, आणि आमच्या खिशांतील खडूचा तुकडा मागून घेऊन नळाच्या खालच्या अंगास एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत घांसला. मग तांब्यानें हळूहळू पाणी सोडावयास सांगितलें. पांढऱ्या खडूवर एक काळसर ठिपका उमटला, वाढला, आणि त्यांतून ओलसर रेघ भिंतीकडे धांवूं लागली. भोंक होतें तेथें थेंब पडतच नव्हता! पाणी बाहेर येऊन नळाला चिकटून चांगली एक वीत उतारानें जात होतें व मग सांध्याच्या कडेवरून खालीं पडत होतें. आम्हीं एम-सील लाविली होती ती रोग्याच्या शेजाऱ्यास.

मुलगा सायकलीवरून घरीं गेला व जुन्या ट्यूबचा एक तुकडा, पॉलिश पेपर, दोन क्लिपा आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. भोंकाभोंवतालचा गंज त्यानें धातु चकाके तोंपर्यंत घांसला. ट्यूब उभी चिरून तिची पट्टी केली, ती भोंकाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन बोटें पुढें जाईल अशी ताणून गुंडाळली, आणि दोन्ही बाजूंस एकेक क्लिप चढवून त्यांचे स्क्रू आळीपाळीनें पिळले. एक एकदम आवळावा आणि मग दुसऱ्याकडे वळावें असें नव्हे. वीस मिनिटें लागलीं. दोन क्लिपांची किंमत दोन-तीन वडापावांहून अधिक नव्हती. पाणी सोडलें. खालीं ठेवलेलें वर्तमानपत्र कोरडें राहिलें.

आम्हीं शेजाऱ्यांच्या डाखाची गोष्ट काढली. तो म्हणाला, "सर, ह्यांतून पाणी नुसतें जातं. तें जोर करीत नाहीं. डाख कशाला?"

वाचकहो, आम्ही आठवीस विज्ञान शिकवितों. द्रवाचा दाब हा धडा त्या वर्गाला आम्हींच शिकविला होता, आणि त्या धड्याच्या चांचणींत या मुलास दहापैकीं तीन गुण आम्हींच दिले होते. त्या दिवशीं कोणाची परीक्षा झाली हें सांगणें नको.

निघतांना तो दारांत थांबला. चहा घेऊन जा म्हटलें तर घेईना. शेवटीं चप्पल घालीत म्हणाला, "सर, हें शाळेंत कोणाला सांगूं नका." त्याच्या वडिलांचें सायकलदुरुस्तीचें दुकान आहे व वर्गांतील मुलें त्याला 'पंक्चरवाला' म्हणतात, हें आम्हांस सोमवारीं चौकशी केल्यावर समजलें. वर्गशिक्षक आम्हीच आहों. हें नांव आमच्या कानांवर पूर्वीं एकदां आलें होतें, आणि मुलांची थट्टा म्हणून आम्हीं तें सोडून दिलें होतें.

हा लेख लिहिण्याचें कारण हें आहे. ज्या शाळेंत दाबाचें सूत्र पाठ म्हणणाऱ्यास दहा गुण मिळतात आणि तें सूत्र हातानें चालवून दाखविणाऱ्यास आपला हात लपवावा लागतो, त्या शाळेंत कोठें तरी गळती आहे. आणि ती बहुधा जेथें थेंब पडतो त्याच्या बरीच वर आहे. आमच्यासारख्या शिक्षकांपासूनच शोध सुरू करणें बरें.

आतां त्या मुलाच्या वाक्याकडे वळूं. घरांत येणारें पाणी आणि घरांतून जाणारें पाणी यांचा स्वभाव अगदीं भिन्न असतो. गच्चीवरील टाकी तोटीहून १० मीटर उंच असेल, तर तोटीपाशीं पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोग्रॅम पडतो. म्हणून येणाऱ्या नळाला सुईएवढें छिद्र पडलें तरी चिळकांडी उडते व चिंधी बांधून ती थांबत नाहीं. सांडपाण्याचा नळ बहुतेक वेळ अर्धाही भरलेला नसतो. त्यांत २ सेंटिमीटर खोल पाणी वाहत असेल तर तळावरचा भार चौरस सेंटिमीटरला २ ग्रॅम, म्हणजे ५०० पटींनीं कमी! एवढ्या भाराला रबराची ताणलेली पट्टी पुरून उरते. मात्र पुढें नळ तुंबला आणि पाणी सिंकपर्यंत, समजा अर्धा मीटर, चढून उभें राहिलें, तर हाच भार ५० ग्रॅमवर जातो. यास्तव आधीं तुंबलेलें मोकळें करावें व मग गळतीकडे वळावें. पुष्कळ नळ गळतात असें आपण म्हणतों, ते वस्तुतः तुंबलेले असतात.

शेजाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नाहीं. एके काळीं घरांतील नळ शिशाचे असत व त्यांचे सांधे कथील आणि शिसें यांच्या डाखानें झाळीत. शिशास लॅटिन भाषेंत 'प्लंबम' म्हणतात. त्यावरून हें काम करणारा तो प्लंबर. गंमत अशी कीं, व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच लिहून ठेविलें होतें कीं, पाण्यासाठीं शिशाच्या नळापेक्षां मातीचा नळ बरा, आणि त्याला पुरावा म्हणून शिशाचें काम करणारांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखविलें होतें. हें ऐकावयास जगाला फार वेळ लागला. अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिसेंयुक्त डाख लावण्यास बंदी झाली ती १९८६ च्या कायद्यानें. सांडपाणी कोणी पीत नाहीं, हें खरें. परंतु घरच्या माणसानें डाखाच्या वाटेस जाऊं नये याचीं कारणें दुसरींही आहेत. आंत पाणी असलेला नळ तापतच नाहीं, कारण पाणी उष्णता ओढून घेतें. बिडाच्या नळावर डाख सहसा धरत नाहीं. जस्ताचा नळ ज्योतीनें फार तापविला तर त्याच्या धुरानें अंगांत ताप भरतो. आणि प्लास्टिकच्या नळाला ज्योत दाखविली तर दुरुस्त करावयाला नळच उरणार नाहीं.

बहुतेक वाचकांच्या घरीं आतां प्लास्टिकचेच नळ असतील, म्हणून त्यांच्याविषयीं दोन शब्द. तेथें गळती निम्म्याहून अधिक वेळां नळांत नसून सांध्यांत असते, आणि सांध्यांतील दोष बहुधा रबरी वायसरचा असतो. खालीं बादली ठेवून नट हातानें सोडवावा, वायसर काढून पाहावा. तो चपटा, चिरलेला किंवा कडक झाला असेल तर तोच दुकानांत नेऊन त्याच मापाचा आणावा. त्याला निमुळती बाजू असेल तर ती पूर्वीं ज्या अंगास होती त्याच अंगास बसवावी. नट हातानें आवळून मग फार तर पाव फेरा द्यावा. पान्यानें जोर करून नट फोडणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत; त्यांपैकीं एकास आरशांतही पाहिलें आहे. पांढरी टेफ्लॉनची फीत सर्व रोगांवरचें औषध म्हणून जो तो गुंडाळतो. जेथें आट्यांनींच पाणी अडवावयाचें असतें, उदाहरणार्थ लोखंडी नळाच्या आट्यांत, तेथें ती उपयोगी. जुने कारागीर तेथें सफेदा आणि सुतळी वापरीत. जेथें पाणी वायसर अडवितो तेथें ती निरर्थक. सरळ नळालाच भेग गेली असेल तर त्याच मापाच्या नळाचा तुकडा उभा चिरून, घांसून, पुसून, सॉल्व्हंट सिमेंट लावून भेगेवर पट्टीसारखा दाबून बसवावा. हें सिमेंट गोंदासारखें चिकटत नाहीं. तें दोन्ही पृष्ठभाग किंचित् विरघळवून एकजीव करितें, म्हणून ओल व धूळ त्याला मुळींच चालत नाहीं. सिंकखालचे कांहीं बाटलीसारखे ट्रॅप निराळ्या जातीच्या प्लास्टिकचे असतात व त्यांवर हें सिमेंट धरत नाहीं. ते बदलणें हाच उपाय. एम-सीलची आम्हीं निंदा केली असें कोणी समजूं नये. कोरड्या, घांसलेल्या नळावर, दोन्ही भाग समप्रमाणांत एका रंगाचे होईपर्यंत मळून, योग्य जागीं लाविली असतां ती उत्तम काम देते. दोष तिचा नव्हता.

ट्रॅप हा शब्द आला तेव्हां एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. सिंकखालीं नळाला जो बांक असतो त्यांत थोडें पाणी नेहमीं साचून राहतें व तें गटाराची घाण हवा घरांत येऊं देत नाहीं. या बांकाचें पेटंट १७७५ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश गृहस्थानें घेतलें. त्याचा धंदा कोणता? घड्याळें करण्याचा! राजेलोकांसाठीं घड्याळें करणाऱ्या माणसास शौचकूपाच्या नळाचा विचार करितांना कमीपणा वाटला नाहीं. आणि न्हाणीघराच्या जमिनींत बसविण्याच्या ट्रॅपला आपल्या देशांतील इंजिनियर इंग्रजींत बोलतांना देखील 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आमच्या भाषेनें स्थापत्यशास्त्राला दिलेला हा शब्द मोरींत आहे म्हणून आम्हीं त्याचा अभिमान धरूं नये काय?

गळक्या सांडपाण्याला क्षुद्र म्हणणारांनीं लंडनची १८५४ ची गोष्ट ऐकावी. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीची सांथ उठली व थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांचीं घरें नोंदून सांथीचें मूळ तेथील सार्वजनिक पंपांत आहे असें दाखविलें व पंपाचा दांडा काढविला. हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण पंपाच्या विहिरींत विष आलें कोठून? तेथल्याच देवळाचे एक तरुण धर्मोपदेशक, हेन्री व्हाइटहेड, यांना आरंभीं स्नो यांचें मत पटलें नव्हतें. तें खोटें पाडावें म्हणून ते घरोघर हिंडले आणि उलट त्यांनाच तें पटलें. पंपासमोरच्या घरांत एक तान्हें मूल सांथीच्या आरंभींच आजारी पडलें होतें व त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी घरच्या शोषखड्ड्यांत ओतलें जात होतें. पुढें खणून पाहतां त्या घराच्या मोरीच्या व खड्ड्याच्या विटा सुटलेल्या, आणि विहीर तेथून दोन-तीन फुटांवर! एका घरचें सांडपाणी गळलें, इतकीच ती गोष्ट.

आमच्याकडे या कामाविषयींची शिसारी निव्वळ वासापायीं उत्पन्न झालेली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. घाण करणारे एक आणि ती उपसणारे दुसरे, अशी वांटणी आम्हीं जन्मावरून ठरविली आणि ती ईश्वरी नियमासारखी चालविली. या वांटणीस हातानें उत्तर देणारीं माणसें महाराष्ट्रांत होऊन गेलीं. गाडगेबाबांनीं कीर्तनापूर्वीं गांव झाडला. अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून उपवास केला, आणि पुढें कोंकणांत तेंच काम जन्मभर केलें. या दोघांच्या तसबिरींपुढें भाषण करणें आमच्या विद्यार्थ्यांस उत्तम जमतें. परंतु स्वतःच्या घरचा नट सोडविण्यास सांगा, कीं ते आपल्या नखांकडे पाहतात, आणि वडील मंडळीही, "अभ्यास सोडून हें काय?" म्हणून त्यांस सोडवून नेतात.

वडील मंडळींचे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. प्लंबरच्या पोटावर पाय कां आणावा, हा एक. प्लंबरला कामांची वाण नाहीं. आमच्याच निरोपाचें काय झालें तें वर सांगितलें आहे. शिवाय ज्यानें एकदां स्वतः पालथें पडून नट आवळला आहे तो प्लंबरशीं मजुरीची घासाघीस करीत नाहीं, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे. मुलास अपाय होईल, हा दुसरा. आणि तो योग्य आहे. म्हणून मर्यादा स्पष्ट सांगतों. मोज्यांसारखे रबरी हात घालावे, तुंबलेलें काढण्याचें तेजाब मुलांच्या हातीं देऊं नये, आणि सिंकपासून भिंतीपर्यंत आपलें राज्य समजावें. भिंतीपलीकडचा उभा नळ, चेंबर, गटार हीं कारागिराचीं. शौचालयाच्या टाकींत तर कोणींही उतरूं नये व कोणास उतरवूंही नये. आंतील वायूनें माणूस ओरडावयाच्या आंत मरतो. २०१३ च्या कायद्यानें अशा टाक्या-गटारांची जोखमीची सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली, तरी माणसें उतरविलीं जातात व मरतात.

आणखी एक विनंती मुलींच्या आयांस. मुलगे पाना धरतील आणि मुली फडकें, अशी नवी वांटणी कृपा करून पाडूं नये. पुढल्या सत्रापासून आमच्या वर्गांत दाबाचा धडा एका गळक्या नळाच्या तुकड्यावर शिकविण्याचें आम्हीं ठरविलें आहे. मुलींनीं व मुलांनीं आपापल्या घरच्या सिंकखालचें चित्र काढून आणावयाचें आहे. त्यास गुण आहेत.

आमच्या नळाला आज पांच महिने झाले. पट्टी टिकून आहे. परंतु एका जागीं गंजानें खाल्लेला नळ दुसरीकडेही पातळ झालेला असतो, तेव्हां उन्हाळ्याच्या सुटींत तो काढून प्लास्टिकचा घालावा, असा त्या मुलाचा सल्ला आहे व आम्ही तो मानणार आहों.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तो त्याच्या दुकानावर जाऊन त्याला व त्याच्या वडिलांना वाचून दाखविला. 'पंक्चरवाला' हा शब्द गाळूं का, असें विचारलें. वडील कांहीं बोलले नाहींत. हातांतल्या चाकाच्या तारा ते एकेक करून चांचपीत होते. मुलगा म्हणाला, "राहूं द्या, सर. नांव मात्र नको. आणि पट्टीचा जोड नळाच्या वरच्या अंगाला यावा लागतो, भोंकावर आला तर पुन्हां गळेल. तेवढें तुम्हीं लिहिलेंच नाहीं."